एकशे सत्त्याऐंशीवं नाव

रास्काफ्रियाच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. कासिल्दाबाईंची बेरीज चुकत नाही, हे गावात कुणालाही विचारा. माद्रिद प्रांताच्या विधानसभेसाठी मतदान होतं, आणि आमच्या मतदानाच्या टेबलाची अध्यक्ष म्हणून चिठ्ठी माझ्याच नावाची निघाली. यावेळी चिठ्ठीलाही अक्कल आली, असं लोक म्हणाले.

माझ्या डावीकडे बेकरीवाला एवेलिओ, उजवीकडे औषधाच्या दुकानातली सोकोरो. त्यांचीही नावं चिठ्ठीतूनच आलेली. काम सोपं होतं. मतदार ओळखपत्र देतो, मी चेहरा बघून नाव मोठ्यानं पुकारते, एवेलिओ छापील यादीत खूण करतो, सोकोरो तेच नाव क्रमांक घालून वहीत लिहिते, आणि मताचं पाकीट पेटीत पडतं.

"बाई, पुन्हा पाढे म्हणायला बसवल्यासारखं वाटतंय," एवेलिओ म्हणाला. तो माझाच विद्यार्थी.

"तेव्हाही तू तेराच्या पाढ्यालाच अडायचास."

छापील यादीत माझ्या धाकट्या भावाचं, लेआंद्रोचं नाव होतं. अकरा वर्षांपूर्वी तो पेन्यालाराच्या डोंगरावर बर्फात गेला, तो परत आला नाही. प्रेतही सापडलं नाही, त्यामुळे कायद्यानं तो जिवंत. मंगळवारी न्यायालय त्याला मृत ठरवणार होतं, आणि मग त्याची बायको माइते डामियानशी लग्न करायला मोकळी होणार होती. अर्ज मीच तिला करायला लावला. पोरी, आयुष्य असं टांगून ठेवू नकोस, असं किती वेळा सांगितलं असेल मी तिला. दहा वर्षांत त्याची काही खबर नाही, एवढंच सिद्ध करायचं होतं.

अडीचला गाव जेवायला गेलं. मे महिन्याचं ऊन टेबलावर पडलं होतं, तरी एवेलिओनं कोट चढवला. माझीही बोटं गार पडली. पेटीसमोर फरशीवर पाणी साचलं होतं. छत कोरडं होतं. शिपायानं पुसून घेतलं, थोड्या वेळानं पुन्हा साचलं. कुठंतरी नळ गळत असेल, असं मी म्हटलं.

पाच वाजता मी सोकोरोची वही तपासायला घेतली. एकशे सत्त्याऐंशी. लेआंद्रो अरीबास मोया.

"हे काय लिहिलंस?"

"तुम्ही पुकारलंत, मी लिहिलं," सोकोरो म्हणाली. "मान कुठं वर करते मी."

छापील यादीतही खूण होती.

"तुम्हीच पुकारलंत, बाई," एवेलिओ हळूच म्हणाला. "माझा हात चालत होता. नाव कुणाचं, ते आत्ता डोक्यात शिरतंय."

"समोर कोण उभं होतं?"

दोघंही पेटीकडे बघत राहिले. मला तर काहीच आठवत नव्हतं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण हा कागद न्यायालयात गेला तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागणार होती. दमलेल्या माणसांची चूक, दुसरं काय. मी पेन उचललं.

"आणि पेटीत एक पाकीट जास्त निघालं तर?" एवेलिओनं विचारलं.

"ते मी बघेन."

तेवढ्यात माइते आत आली. तिनं ओळखपत्र पुढं केलं. मी वहीवर तळहात ठेवला.

तिनं माझा हात अलगद बाजूला केला.

वाचलं. दचकली नाही.

"इथंही आला का," ती म्हणाली.

तिची नजर माझ्या हातातल्या पेनावर गेली.

"खोडू नकोस, कासिल्दा."

"माइते, मंगळवारी..."

"अर्ज केला त्या दिवसापासून येतोय. आधी फाटकापर्यंत यायचा. परवा ओट्यापर्यंत आला. काल जेवायला बसला." तिनं पाकीट पेटीत सोडलं. "मंगळवारी मी जाणार नाही."

मी पेन खाली ठेवलं.

बाहेर डामियाननं गाडीचा हॉर्न एकदाच वाजवला. तिनं तिकडं पाहिलं नाही. दारापाशी थांबून ती एवेलिओकडे वळली.

"उद्यापासून माझ्याकडं एकाच्या जागी दोन पाव पाठव."