सातव्या गणितापासून पुढे

"पुन्हा चूक," म्हणत काकांनी ताईच्या वहीत चौदावी लाल फुली मारली.

ताई सुट्टीत काकांकडे राहायला आली होती, त्याचा आज तिसरा दिवस. वीसही समीकरणं बरोबर आल्याशिवाय तलावावर पोहायला जायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. रोज तीच वीस. पहिली सहा बरोबर, पुढची चौदा चूक.

"मला डोकंच नाहीये," ताईने वही आपटली.

काकांचा धाकटा मुलगा मुंगूस. जिथे तिथे नाक खुपसतो म्हणून हे नाव. त्याने वही ओढली. "सातवं कसं सोडवलंस?"

"तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. पाच पलीकडे नेले, पंधरा उरले, तीनने भागले. क्ष पाच. पुस्तकात मागे चार दिलंय."

"मग चार घालून बघ. तीन चोक बारा आणि पाच सतरा. वीस कुठे झाले?"

ताई बघतच राहिली. मग दोघांनी सगळी उत्तरं तशीच घालून पाहिली. चार हे सहाव्याचं उत्तर होतं. ते दोनदा छापलं होतं, आणि पुढचं प्रत्येक उत्तर एक घर खाली सरकलं होतं.

"छापलेलं पुस्तक चूक आणि तुम्ही शहाणे?" काकांनी वर पाहिलंही नाही.

पुस्तकावर छापखान्याचा पत्ता होता, मागच्याच गल्लीतला; काकांनी ते नवंकोरं तिथूनच आणलं होतं. दोघं तडक तिथे गेली. दारात टेम्पोत याच पुस्तकाचे शाळांसाठीचे गठ्ठे चढत होते.

"पोरांनो, वाटेतून सरका," छापखान्याचे मालक खेकसले.

"एक गणित सोडवा, लगेच सरकतो," ताई म्हणाली. "पाच क्ष उणे दहा बरोबर पंधरा."

"पाच. त्यात काय एवढं?"

"तुमच्या पुस्तकात बाराव्यासमोर नऊ आहे."

मालकांनी चष्मा लावला. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "उतरव सगळं."

संध्याकाळी ते स्वतः घरी आले. "नऊशे मुलांना उगाच फुल्या बसल्या असत्या. या दोघांनी वाचवलं. हुशार आहेत हो तुमची पोरं. आता नवं पान तेवढं तपासून द्या."

ताईचा चेहरा पडला. पुन्हा तीच वीस!

काका खाकरले. "चुकलं माझं, पोरी. एकदा नीट बघायला हवं होतं. आण ते पान इकडे, मी तपासतो."

ते पेन्सिल घेऊन बसले. तिसऱ्या गणिताला डोकं खाजवत त्यांनी हळूच विचारलं, "उणे पलीकडे नेलं की अधिकच होतं ना गं?"