भार चाकांवर आल्यावर

ती दोघं शेवटी एकमेकांची झाली. झालं, सांगून टाकलं. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजा, कारण तसं काही घडलेलंच नाही. घडलं ते एवढंच, की एका जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांमागचे रबरी बुश बदलले गेले. दोनदा.

सुरुवात दोन पायांपासून झाली.

रविवारची सकाळ होती आणि पाऊस असा बारीक, की छत्री उघडली तर लोक हसतील आणि नाही उघडली तर सर्दी होईल. तो कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरला. पार्किंगच्या पत्र्याखाली एक जुनी निळी गाडी लोखंडी टेकूंवर चढवून ठेवली होती आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात राखाडी मोजा, दुसऱ्यात पिवळा.

तो पोटापाण्यासाठी लोकांचे कान तपासायचा. माणसाला बंद खोलीत बसवायचं, बारीक बीप ऐकवायचे, ऐकू आलं तर बोट वर करायला सांगायचं. दिवसभर दुसऱ्यांची बोटं मोजून त्याचे स्वतःचे कान इतके तिखट झाले होते, की अख्खी इमारत त्याला कानसेन म्हणायची. ही निळी गाडी त्याच्या चांगल्या परिचयाची होती, पण फक्त आवाजाने. रोज सकाळी फाटकाजवळच्या उंचवट्यावरून जाताना ती ‘कुईं... कर्र’ करायची. त्या आवाजावरून त्याने सत्तरीचे, संधिवाताचे, जगावर चिडलेले एक गृहस्थ मनात पक्के केले होते.

मोजे बघून ते गृहस्थ बाद झाले.

“आवाज डावीकडचा आहे,” तो पायांना म्हणाला. “तुम्ही उजवीकडे शोधताय.”

पाय थबकले. “कोण बोलतंय?”

“दुसरा मजला.”

“दुसऱ्या मजल्याला गाडीतलं कळतं?”

“नाही. आवाजातलं कळतं.”

“मग दुसऱ्या मजल्याने जरा तिथला पाना द्यावा. मोठा. ...अहो, ही टॉर्च आहे.”

“मी म्हटलं ना, गाडीतलं कळत नाही.”

ती सरपटत बाहेर आली. नाकावर काळ्या तेलाचा ठिपका, केसांत गंजाची पूड. ती दातांची डॉक्टर होती, पहिल्या मजल्यावर बाबांबरोबर राहायची, आणि गाडी बाबांची होती.

“बाबांना ऐकायला कमी येतं,” ती म्हणाली. “त्यामुळे त्यांच्या हातात ही वीस वर्षं ठणठणीत होती. माझ्या हातात आली आणि आजारी पडली.”

“मग मेकॅनिककडे का नाही नेत?”

“दाढा काढते मी. रबर निघणार नाही?”

बुश म्हणजे काय, तर एका जाड नळीत ठासून बसवलेलं रबर. चाक खड्ड्यात गेलं की दणका ते रबर खातं आणि तोंडातून ब्र काढत नाही. म्हातारं झालं की मात्र कुरकुरायला लागतं. घरोघरी असतो असा एखादा माणूस.

“पुढच्या महिन्यात मी चाललेय,” ती हात पुसत म्हणाली. “डोंगरापलीकडच्या इस्पितळात नोकरी लागलीय. हीच गाडी घेऊन जाणार. पण रस्ता म्हणजे नुसते खड्डे. बुश बदलले नाहीत तर पोचायची नाही.”

“आणि बदलले तर?”

“तर जाईन.”

पत्र्यावरून एक थेंब नेमका त्याच्या कॉलरमध्ये शिरला.

“मी करतो मदत,” तो म्हणाला.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याची गोष्ट आपल्याला माहीत असते. फांदीवर बसायच्या आधीच कुऱ्हाडीला धार लावून देणारा मात्र हा पहिलाच.

तिचे हात काळे, त्याचे हात निरुपयोगी. म्हणून कामाची वाटणी सोपी झाली. गाडीबरोबर आलेलं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक घेऊन तो उलट्या बादलीवर बसायचा आणि मोठ्याने वाचायचा. ती खालून “हं” म्हणायची. बाबा गॅलरीतून खाली बघायचे आणि कुणी न विचारता “बरंय, बरंय” म्हणायचे. असे तीन रविवार गेले. प्रेमाचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो सोमवारपासून रविवारची वाट बघायचा, हे खरं, पण ते पुस्तकात गोडी निर्माण झाल्यामुळे.

जुना बुश निघाला तो प्रसंग मोठा होता. चाकामागचा लोखंडी हात सोडवून तिने शिकंज्यात धरला होता. एक लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि मूठभर वॉशर यांचा तिने घरगुती सांगाडा केला होता. पान्याने बोल्ट फिरवायचा, की बुश सरकत सरकत पाइपमध्ये जाणार. तिने पाना लावला आणि बुशला म्हणाली, “थोडं दुखेल हं.”

“पेशंटला पण असंच सांगतेस... सांगता?”

“नाही. त्यांना ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणते.”

बुश हलेना. ती दात-ओठ खाऊन पाना ओढत होती. सांगाडा कलायला लागला.

“धर! अरे, धर तिकडून!”

त्याने धरलं. खट् आवाज झाला, बुश निसटला आणि दोघं दोन बाजूंना बसली. मग त्याच्या लक्षात आलं, की ती ‘धर’ म्हणाली. ‘धरा’ नाही. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती कारण नसताना वॉशर पुसत बसली. त्यानंतर ‘धरा’ काही परत आलं नाही. त्याचा काना बहुतेक त्या झटापटीत कुठेतरी पडला.

नवे बुश साबणाच्या पाण्यात बुचकळून आत बसवले. लोखंडी हात जागेवर गेले. चाकं लटकत होती, ती गाडीखाली, तो बादलीवर. आता शेवटचं पान.

“वाच,” ती म्हणाली.

त्याने आधी मनात वाचलं. पुस्तकात लिहिलं होतं: ‘बोल्ट या टप्प्यावर फक्त हाताने लावावेत. गाडी खाली उतरवून, पुढच्या दोन्ही सीटवर माणसे बसवून, पूर्ण भार चाकांवर आल्यावरच बोल्ट पक्के आवळावेत. चाके लटकती असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते.’

पाऊस पत्र्यावर टपटपत होता. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. लवकर फाटते. फाटलं की आवाज येणार. आवाज आला की...

“पुढे काय?” खालून आवाज आला.

“बोल्ट आवळावेत.”

“एवढंच?”

“...एवढंच.”

गाडीखाली थोडा वेळ काहीच हललं नाही. मग पाना चालू लागला.

ती गेली त्या सकाळी तो खिडकीशी उभा राहिला होता. उंचवट्यावर गाडी कुरकुरेल तेव्हा हात हलवायचा, असं त्याने ठरवलं होतं. गाडी कुरकुरलीच नाही. इतकी गुपचूप निघून गेली, की त्याने हात हलवला तेव्हा फाटकातून दूधवाला येत होता. दूधवाल्याने हात हलवला.

पुढचे काही आठवडे त्याचं मन त्याला खात होतं. पेशंट बीप ऐकून बोट वर करायचे तेव्हा ते आपल्याकडेच रोखलंय असं त्याला वाटायचं. दर दोन दिवसांनी तो फोन करायचा.

“खड्डे जरा जपून घे.”

“घेते.”

“कसला आवाज येतो का?”

“कसला?”

“...कसलाही.”

“तुझा येतो,” ती म्हणायची. “अधूनमधून. फोनवर.”

आणि एका दुपारी फाटकाजवळ ‘कुईं... कर्र’ झालं.

तो जिन्यावरून उतरला तेव्हा डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात होती. ती गाडीला टेकून उभी होती. मोजे या खेपेला जुळणारे होते, पण दोन्ही उलटे.

“मला एक सांगायचंय,” तो धापा टाकत म्हणाला.

“बुश गेले.”

“ते माझ्यामुळे. पुस्तकात एक वाक्य होतं, मी मुद्दामच...”

“‘पूर्ण भार चाकांवर आल्यावरच.’” ती म्हणाली. “शेवटचं पान, चित्राच्या खाली.”

त्याने पायातल्या चपला अदलाबदल केल्या.

“मी ते पुस्तक वाचत लहानाची मोठी झालेय. आमच्या घरात जेवताना वाचायला दुसरं काही नसायचं.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू वाचतोस का, ते बघत होते. नाही वाचलंस. म्हटलं, बरं... म्हणजे या माणसाला मी परत यायला हवीय.” तिने बोनेटवरचा नसलेला डाग खरवडला. “आणि आवळले तसेच.”

“अगं, फोनवर सरळ सांगायचंस ना, की मला बोलाव!”

“तू सरळ म्हणायचंस ना, की ये!”

“डोंगरात काही झालं असतं तर?”

“एवढ्यात नसतं झालं. दात पडायच्या आधी हलतो. मी रोज चाक हलवून बघत होते.”

दुसऱ्यांदा बुश बदलताना पुस्तकातला शब्दन् शब्द पाळला गेला. अडचण एकच आली. पुढच्या दोन्ही सीटवर माणसं हवीत, आणि त्या दोघांशिवाय पार्किंगमध्ये होते फक्त बाबा. त्यांनी आनंदाने पाना घेतला. चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली होती, त्यामुळे खाली सरपटायला जागा होती. ती स्टिअरिंगमागे बसली. तो शेजारी.

“हलू नका!” खालून बाबा ओरडले. “भार सारखा पाहिजे!”

दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. काचेवर बारीक थेंब जमत होते.

“तिथे कान तपासणारा कोणी नाही,” ती भिंतीला म्हणाली. “मी पेशंटला म्हणते, ‘तोंड उघडा.’ पेशंट म्हणतो, ‘काय?’”

“नोकरी देतेस?”

“जागा रिकामी आहे, एवढंच सांगतेय.”

“कुठली?”

“तू बसलायस ती.”

पाना करकरला.

“मला तुझा आवाज... म्हणजे गाडीचा... नाही, तुझाच. महिनाभर सगळ्या जगाचा आवाज येत होता, आणि तुझा नुसता फोनवर. मला नाही जमत असं. मी येतो. कान काय, सगळीकडे असतात.”

“नक्की?” तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. “नाहीतर पुन्हा एखादं वाक्य गाळशील...”

“हे पूर्ण वाचलं. खालच्या ओळीसकट.”

“मला काही ऐकू येत नाहीये!” बाबा खालून म्हणाले. “पण हो म्हण लवकर, माझी पाठ भिजतेय!”

ती हो म्हणाली. त्याने हात पुढे केला, तिनेही केला, आणि दोघांचे हात मध्येच आपटले. एक गिअरवर, दुसरा हँडब्रेकवर.

बाकी काही घडलेलं नाही. फक्त वाहन खात्याकडे दोघांच्या सहीने एक अर्ज गेला आहे, तो असा: महोदय, सदर वाहनात पुढील दोन आसनांच्या मधोमध गिअरचा दांडा व हँडब्रेक बसवलेले असल्याने, चालक व शेजारील व्यक्ती यांचे हात एकमेकांपर्यंत पोहोचण्यास प्रवासभर अडथळा निर्माण होतो. तरी सदर दोन्ही वस्तू चालकाच्या दुसऱ्या बाजूस, ते शक्य नसल्यास मागील आसनावर, आणि तेही नियमात बसत नसल्यास जवळून जाणाऱ्या एखाद्या अन्य वाहनात कायमस्वरूपी हलवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.