पुष्पावतीबाईंचा सा

लाइट येईपर्यंत बसा इथंच. एक सांगतो. मी श्रीरामपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनमन होतो, तेव्हाचं.

आमच्याकडं पुष्पावतीबाई ऑपरेटर होत्या. अख्ख्या गावाला त्यांचा आवाज ओळखीचा, पण त्यांच्याशी चार शब्द बोलणारं कुणी नाही. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकटीनं जेवायचं. वय चव्वेचाळीस. लग्न राहून गेलेलं. एक भाऊ होता, तो विचारीत नसे.

गाणं शिकायचं लहानपणापासून त्यांच्या मनात. बेलापूरच्या गहिनीनाथबुवांकडं तीनदा जाऊन आल्या. या वयात गळा वळत नाही, असं म्हणून बुवांनी तिन्ही वेळा वाटेला लावलं. चौथ्यांदा गेल्या तेव्हा कंटाळून म्हणाले, "रविवारी सकाळी पेटी घेऊन या. काळी चारच्या पट्टीवर नुसता सा धरायचा. डळमळला, तर पुन्हा यायचं नाही."

मग बाईंनी पेट्या दुरुस्त करणाऱ्या शमशेर मिस्त्रींकडून एक जुनी पेटी घेतली. आधी कुणाची होती, ते मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं.

शनिवार, अकरा डिसेंबर एकाहत्तर. लढाई चालू होती, गावात ब्लॅकआउट. रात्रीचे आठ वाजलेले. बाईंनी खिडकीला काळा कागद चिकटवला, दाराला कडी घातली, चटई अंथरली, कंदिलाची वात बारीक केली. भाता हलवून सा लावला. आवाज फाटला. पुन्हा लावला. पुन्हा फाटला. असा पाऊण तास गेला. डोळ्यांत पाणी आलं. आता शेवटचं एकदा, म्हणून डोळे मिटले आणि...

सा...

या वेळी सूर हलला नाही. बाईंना फार बरं वाटलं.

मग ध्यानात आलं. श्वास संपला होता. भात्यावरचा हातही थांबला होता.

सूर चालूच होता.

पेटीच्या पलीकडून. कोवळ्या पोरीचा आवाज.

बाईंनी डोळे उघडले. सूर थांबला. समोर चटई. रिकामी.

"कोण आहे?"

...

दार चार पावलांवर. उठायचं, कडी काढायची, शेजारी हाक मारायची. बाई उठल्या नाहीत. पुढं मला एकदाच म्हणाल्या, "आबासाहेब, भीती वाटली हो. पण ती गेली असती, तर खोलीत परत मी एकटीच."

त्यांनी भाता ओढला. सा लावला.

समोरून सा आला.

किती वेळ... कुणास ठाऊक. दोन सूर, एक कंदील. मग समोरचा आवाज हळूहळू वर चढला. पंचमावर जाऊन थांबला. लांबला... आणि गेला.

बाई पहाटेपर्यंत तशाच बसून राहिल्या. परत काही आलं नाही.

सकाळी टांग्यानं बेलापूर गाठलं. बुवांपुढं सा धरला. बुवा बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले आणि दर रविवारी यायला सांगितलं. मग पेटी जवळ ओढून त्यांनी विचारलं, काल घरी कुणाची हळद होती का?

पंचमाच्या काळ्या पट्टीवर हळदीचं बोट उमटलं होतं. बाईंनी ती पट्टी दाबलीच नव्हती.

बुवांनी धोतराच्या सोग्यानं पुसून पाहिलं. हळद अजून ओली होती.