सातवी खोबण

दोन हजार सहा सालच्या दिवाळीतही रत्नप्रभाबाईंनी लॅबची पाळी आपणहून मागून घेतली. डॉक्टर वादिराज उडुपीला आपल्या घरी गेले होते, बाकीच्यांना सुटी होती, आणि डेंग्यूच्या दिवसांत लॅब एक दिवसही बंद ठेवणे शक्य नव्हते. बाईंना घरी थांबण्याचे काही कारण नव्हते. यजमान पेरांबूरच्या रेल्वे-डब्यांच्या कारखान्यात होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. मिरजेच्या भावाचा फोन सकाळीच येऊन गेला होता. दिवसभरात आता दुसरा फोन येणार नव्हता. त्यांनी दोन लाडू डब्यात घातले, दाराला कुलूप लावले आणि फटाक्यांचा ओला लाल कचरा तुडवीत एग्मोर स्टेशनामागच्या गल्लीतला तो दुसरा मजला गाठला.

दोन वाजता शेजारच्या नर्सिंग होमचा माणूस बर्फाच्या डब्यातून रक्ताच्या आठ नळ्या देऊन गेला. बाईंनी प्रत्येक नळी पुसली, तिच्यावरचे नाव वहीत लिहिले आणि लाकडी स्टँडच्या खोबणींत त्या क्रमाने उभ्या केल्या. बारा खोबणींपैकी पहिल्या सहा भरल्या. सातव्या खोबणीत कापसाचा बोळा घट्ट बसविलेला होता. ती त्यांनी ओलांडली आणि उरलेल्या दोन नळ्या आठव्या व नवव्या खोबणीत ठेवल्या. वहीतही सहानंतर एकदम आठ. गेले वर्षभर त्यांनी सात हा क्रमांक कुणालाच दिला नव्हता. सात नंबर तुमच्या सासरचा आहे की काय, असे डॉक्टरांनी एकदा हसत विचारले होते. बाई हसल्या नव्हत्या.

मागल्या वर्षी, असल्याच गर्दीच्या दिवसांत, सातव्या नळीतल्या रक्ताची गुठळी झालेली निघाली. ती नळी त्यांनी टाकून दिली आणि पुढच्या नळ्या एकेक खोबण मागे घेतल्या. रांगेत मध्येच रिकामी जागा त्यांना खपत नसे. नंतर, नळ्यांवरची नावे न वाचता, खोबणींच्या क्रमाने त्यांनी आकडे वहीत उतरविले. आठव्या क्रमांकावर लावण्या नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिच्या प्लेटलेट होत्या चौदा हजार. तो आकडा सातव्या रोग्याच्या नावावर गेला आणि लावण्याच्या नावापुढे नवव्याचे एक लाख ऐंशी हजार लागले. ताप उतरला होता, आकडा उत्तम होता. तिला घरी पाठविण्यात आले. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर आठवड्याने, टाकून दिलेल्या नळीची चिठ्ठी टेबलाच्या फटीत सापडली, तेव्हा बाईंना सारा उलगडा झाला. त्यांनी वहीतले ते पान फाडले आणि त्याचे तुकडे बेसिनमध्ये जाळले. कुणी काही विचारले नाही. वर्षभरात कुणीही, काहीही विचारले नाही.

आज आठव्या क्रमांकावर तन्मय होता. वय वर्षे नऊ.

त्याची आई नळीच्या मागोमाग स्वतःच आली होती. क्षमा तिचे नाव. बँकेतल्या बदलीमुळे जूनमध्ये नागपूरहून आलेली, नवरा अजून तिकडेच. कुणीतरी मराठी बोलणारे भेटले, एवढ्यानेच तिचे डोळे भरून आले होते.

"सकाळपासून ताप उतरलाय त्याचा, काकू. सिस्टर म्हणाल्या, आकडा चांगला आला तर आजच घरी न्या. दिवाळी आहे ना."

"आणि नाही आला तर?"

"तर रक्तपेढीतून प्लेटलेट आणायच्या. पण तिथला माणूस आज पाचपर्यंतच आहे म्हणे."

बाईंनी घड्याळ पाहिले. सव्वातीन झाले होते. "ताप उतरला म्हणजे दुखणं उतरलं, असं नसतं," त्या म्हणाल्या. "बाहेर बाकावर बस. मी सांगते तुला."

क्षमा काचेच्या तावदानापलीकडे जाऊन बसली. बाईंनी यंत्र सुरू करायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. बाहेर पावसाने झड धरली होती. इन्व्हर्टरवर फ्रीज आणि मायक्रोस्कोपचा दिवा, एवढेच चाले. म्हणजे हाताने मोजणे आले. त्यांना त्याचे भय नव्हते. मिरजेला त्या तसेच शिकल्या होत्या. टेबलाकडे पाठ करून त्यांनी कपाटातून आखीव काच आणि औषध शोधून काढले. मग अंधुक उजेडात आठव्या खोबणीतल्या नळीतून त्यांनी रक्त घेतले, औषधात मिसळले, आखीव चौकोनांच्या काचेवर त्याचा थेंब सोडला आणि ती काच ओल्या कागदावर, झाकणाच्या बशीत ठेवली. प्लेटलेट तळाशी बसायला पंधरा मिनिटे लागतात. त्या पंधरा मिनिटांत करण्यासारखे काहीही नसते.

त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. समोरच्या गच्चीच्या आडोशाला एक कुटुंब नव्या कपड्यांत दाटीवाटीने उभे होते आणि पाऊस थांबण्याची वाट पाहत होते. त्यांचे हसणे इथवर ऐकू येत नव्हते. बंद खोलीत बारुदाचा वास कोंदला होता. हळूहळू त्या वासाखालून दुसरा एक वास वर आला... तेलाचा, शिकेकाईचा, नुकतेच न्हाऊन आलेल्या ओल्या केसांचा.

टक्.

बाईंनी मान वळविली नाही. तो आवाज त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि एकेका प्लेटलेटला अंगठ्याने काउंटरची कळ दाबायची; तिचाच तो आवाज. टक्... टक्... कुणीतरी सावकाश, न चुकता मोजीत होते. मग आवाज थांबला.

त्या वळल्या. टेबलापाशी कुणी नव्हते. पोलादी काउंटर मायक्रोस्कोपशेजारी होता आणि त्यावर आकडा होता चौदा. काल निघताना आपण तो शून्यावर आणला नसावा, असे त्यांनी स्वतःला बजावले. वेळ झाली होती. आकडा शून्यावर नेऊन त्या मोजायला बसल्या. चौकोन भरगच्च होता. शंभर, दीडशे... मोजणी एकशे ऐंशीवर संपली. जितक्या दिसाव्यात तितके हजार. एक लाख ऐंशी हजार.

त्यांनी श्वास सोडला आणि लेखणी उचलली. आठ, तन्मय. पुढे एक हा अंक काढला, आणि हात थबकला. हाच आकडा त्यांनी मागल्या वर्षीच्या वहीत, याच क्रमांकापुढे लिहिलेला होता.

टक्... टक्...

या वेळी आवाज त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. काउंटरची कळ आपोआप खाली जात होती, वर येत होती. चौदाला ती थांबली.

रत्नप्रभाबाईंनी स्टँडकडे पाहिले. नववी खोबण रिकामी होती. कापसाचा बोळा टेबलावर पडला होता आणि सातव्या खोबणीत एक नळी उभी होती.

ती उचलताना त्यांच्या लक्षात आले की नळी कोमट आहे. बर्फातून आलेली नळी... त्यांनी ती दिव्याजवळ धरली आणि तिच्यावरचे नाव अक्षर अक्षर वाचले. तन्मय. आठव्या खोबणीतली नळी नवव्या रोग्याची होती. दोन्ही नळ्या एकेक खोबण मागे आल्या होत्या.

त्यांनी लिहिलेला एक खोडला. नवा थेंब घेतला, काच भरली आणि बशीवर झाकण घालून पंधरा मिनिटे त्या स्टँडवरून नजर न हलविता बसून राहिल्या. मानेवर ओलसर गारवा जाणवत होता. कुणीतरी मागे, अगदी जवळ, केस पुसत उभे असावे तसा. त्यांनी मागे पाहिले नाही. मग मोजले. या खेपेला चौकोन जवळजवळ ओसाड होता. चौदा.

चार वाजून वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. "चौदा हजार आहेत. घरी न्यायचं नाही. तू रिक्षा कर आणि रक्तपेढी गाठ, सिस्टरना मी सांगते." क्षमा धावत जिना उतरली. नर्सिंग होममधल्या सिस्टर चंद्रिकाला फोनवर हे खरे वाटेना. पोराने आताच इडली मागून खाल्ली, ती म्हणाली. बाईंनी आकडा दोनदा सांगितला आणि रक्तपेढीची चिठ्ठी क्षमासाठी तयार ठेवायला सांगितली.

सहाच्या सुमारास वीज आली. तेवढ्यात फोन वाजला. क्षमाचा होता.

"पिशवी लावली, काकू. पाचला दहा कमी असताना मिळाली. डॉक्टर म्हणाले, घरी नेलं असतं तर..." ती थांबली. "तुमच्याइतक्या काळजीनं कुणी काम करत नसेल."

बाईंनी तोंड उघडले. वर्षभर दडविलेले वाक्य ओठांपर्यंत आले. त्या म्हणाल्या, "त्याला जप."

"आणि त्या आतल्या मुलीलाही सांगा हं."

"कुठली मुलगी?"

"अहो, वीज गेल्यावर तुम्ही कपाटाशी होतात ना, तेव्हा आत टेबलापाशी होती ती. केस मोकळे सोडलेली. नळ्या एकेक करून सरकवत होती. माझ्याकडे पाहिलं तिनं... मला वाटलं, तुमच्या हाताखाली शिकते."

फोन बंद झाला. गल्लीत पुन्हा फटाके सुरू झाले होते. बाईंनी कपाट उघडले, मागल्या वर्षीची वही काढली आणि नोव्हेंबर उघडला.

फाडलेले पान जागच्या जागी होते. शिवणीशी चुरगळही नव्हती. अक्षर त्यांचेच, वळणदार, ओळीला धरून. सगळे आकडे भरलेले होते. फक्त आठव्या ओळीत लावण्याच्या नावापुढची जागा कोरी होती.

 मग त्यांनी लेखणी घेतली, कोऱ्या जागेत चौदा हजार लिहिले, शेजारी चूक माझी असे लिहिले आणि खाली पूर्ण सही केली. सोमवारी डॉक्टर आले की ही वही त्यांच्यापुढे ठेवायची, हे मनाशी ठरले. शिकेकाईचा वास ओसरला होता. मोकळा श्वास घेऊन त्या पान मिटणार, तोच त्यांची नजर तळाशी गेली.

स्टँडला खोबणी बारा होत्या. पानावर ओळी तेरा होत्या. तेराव्या ओळीत, त्यांच्याच अक्षरात, त्यांचेच नाव होते: रत्नप्रभा, वय चौपन्न. पुढची जागा कोरी होती, आणि नावाची शाई अजून ओली होती.

दुपारपासून आपले अंग कढत आहे, हे त्यांना तेव्हा जाणवले.

मागे टेबलावर, सावकाश, काउंटर पुन्हा मोजू लागला.