सोडा म्हणायचं राहिलं

"श्वास रोखा... हलू नका," मी काचेआडून म्हणाले, बटण दाबलं आणि त्याच्या पावलांकडे बघतच राहिले.

माणूस देखणा आहे हे नंतर कळलं. आधी दिसली ती पावलं. दोन बोटांना नखंच नव्हती, उरलेली काळीनिळी, टाचा भेगाळलेल्या. चेहऱ्याने तिशीच्या आतला, पायांनी मात्र कुणाचा तरी आजोबा! हाडांचे फोटो काढणं हेच माझं काम, पाय काय रोजच बघते. पण इतके हाल केलेले... आणि तेही स्वतःच्या हौसेने?

तेवढ्यात टेबलावरून एक हात वर झाला. वर्गात पोरं बाईंकडे परवानगी मागतात ना, तसा.

"अगं बाई! सोडा, सोडा!"

त्याने श्वास सोडला आणि खो खो हसत सुटला. "लांब पल्ल्याचा धावपटू आहे म्हणून वाचलो. दुसरा कुणी असता तर गेलाच होता."

"मग आपला आपण सोडायचा ना!"

"तुम्ही म्हणालाच नाहीत. मी शिस्तीचा माणूस आहे."

पडद्यावर फोटो उमटला आणि माझं हसू विरलं. खुब्याच्या हाडावर केसाएवढी रेघ होती.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील."

"आणि तुमच्या डोळ्यांत दिसतंय, ते कोण सांगणार?"

मी फोटो डॉक्टरीणबाईंकडे पाठवून दिला.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. वर्षानुवर्षं आपटून हाडाला भेग पडली होती, सांध्यातली गादी झिजली होती. "कुबड्या घे. धावणं कायमचं बंद. नाहीतर एक दिवस हे मोडेल."

तो कुबड्या घेऊन आला तो थेट माझ्या खोलीच्या दारात. "पहिलाच फोटो हाडांचा काढलात. आतलं सगळं बघून झालंय, आता वरवरची ओळख करून घ्यायला हरकत नाही. चहा?"

असा आगाऊ! पण गेले. मग रोजच जाऊ लागले. दवाखान्याच्या मागच्या बाकावर तो आपल्या दुखण्यांच्या गोष्टी अशा सांगायचा, जणू बक्षिसंच मिळालीत. जिना उतरताना गुडघे कसे करकरतात, सकाळी टाच टेकवताना जीव कसा कळवळतो. मी वैतागायची. तो माझ्या वैतागण्याकडे टक लावून बघायचा... आणि मी प्रेमात पडले. पडले म्हणजे चांगलीच आपटले.

एके संध्याकाळी तो कुबड्यांशिवाय आला. पायांत नवे कोरे बूट. मोठी शर्यत जवळ आली होती.

त्याच्या ताईने मला आधीच गाठलं होतं. आईबाबांच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं. "आईबाबा गेल्याचं कळलं ना, तेव्हाही तो पळतच सुटला होता गं," ती म्हणाली. "अजून थांबलेलाच नाही. तुझं तरी ऐकेल."

"धावणं सोड," मी त्याला म्हणाले.

तो थबकला. मग गालात हसला. "एकदम 'सोड'? 'सोडा'वरून बढती झाली म्हणायची!"

"चेष्टा पुरे. मोडेल रे ते..."

"एकदाच. ही शेवटची. मग मी तुझाच."

"मग उरशील तेवढा माझा, असं म्हण."

यावर मात्र तो हसला नाही. "धावत नसलो तर मी कोण?... तुझ्या फोटोत दिसतं का ते?"

तो गेला.

शेवटची रेषा दिसू लागली असतानाच हाड मोडलं. स्क्रू घालून जोडलं, पण त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. अंथरुणावर कित्येक महिने गेले आणि आतल्या आत ते हाड मेलं. आता सांधाच बदलायचा होता. तोवर ताईकडून निरोप आला होता, येऊ नकोस म्हणतोय. मी रडले, भडकलेसुद्धा. हाड यांनी मोडायचं आणि रुसायचं माझ्यावर!

ऑपरेशनआधी फोटो हवा होता. ताई त्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली आणि बाहेर थांबली.

"दुसरं कुणी नाही का ड्यूटीवर?" तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"नाही. नशीब तुझं."

टेबलावर घेताना चादर सरकली. मांडी वाळून माझ्या दंडाएवढी झाली होती. आणि बोटांना... बोटांना नखं आली होती. सगळ्यांना. गुलाबी, स्वच्छ, तान्ह्या बाळाच्या नखांसारखी. ती बघून मला भडभडून आलं. पळणं थांबलं तेव्हा कुठे बिचारी उगवली होती.

मी काचेआड गेले. "श्वास रोखा... हलू नका."

बटण दाबलं. फोटो निघाला. पुढचा शब्द मी मुद्दामच उच्चारला नाही.

हात वर झाला नाही. जरा वेळातच त्याचा श्वास आपणहून सुटला आणि तो खोकत राहिला.

"बघितलंस?" तो छताला म्हणाला. "एवढाही दम राहिला नाही. आता जन्मभर लंगडणार मी. चार पायऱ्या चढलो की थांबणार. काही वर्षांनी हा नवा सांधाही झिजेल, पुन्हा चिरतील. तुला तर आतलं सगळं दिसतं. मग कशाला थांबतेस? जा तू."

मी काचेआडून बाहेर आले. त्याचं थंडगार पाऊल दोन्ही हातांत घेतलं.

"नखं छान आलीत," मी म्हणाले.

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मग पुसटसा आवाज आला, "...'सोड' म्हणायला विसरलीस."

"विसरले नाही," मी म्हणाले. "म्हणणारच नाही."

बाहेरून ताईने दार वाजवलं. मी तिला जरा थांबायला सांगितलं.