सिद्रामप्पाची रजा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत ती घडली, गेल्या डिसेंबरात, लातूरला, औसा रोडवरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात.

आणि रात्री नाही... भर दुपारी, डबा खायच्या वेळेला.

उज्वलाचं काम कॉम्प्युटरवरचं. कुठलं काम कधी सुरू करायचं, कोणता माणूस कोणत्या दिवशी कुठल्या साइटवर, हे ती एका प्रोग्रॅममध्ये मांडायची. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन ठिकाणी लावलं की त्याचं नाव लाल व्हायचं. मग एक बटण दाबायचं. प्रोग्रॅम आपोआप कामं पुढे-मागे सरकवायचा आणि लाल जायचं. याला म्हणायचं 'लेव्हल करणं'.

सिद्रामप्पा मिस्तरीला याचं फार हसू यायचं. साठीला टेकलेला, औशाचा माणूस. त्याची लेव्हल म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. एक टोक त्याच्या हातात, दुसरं समोरच्याच्या. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येऊन थांबलं की तो ओरडायचा, "आली का लेव्हल?"

"तुमच्या लेव्हलला पाणीच न्हाई, म्याडम," तो उज्वलाला चिडवायचा. "तिला माणूस कसा समजंल?"

त्याने तीनदा रजा मागितली होती. दोनच दिवसांची. बायको रत्नम्माचा मोतीबिंदू काढायचा होता, आणि घरात दोघंच. "टाकते रजा," उज्वला दर वेळी म्हणाली. प्रोग्रॅममध्ये त्याच्या नावापुढे दोन दिवस सुट्टी भरायची, एवढंच काम. तेवढंही राहून गेलं. एकदा नाही, तिन्ही वेळा. बटणाला काय ठाऊक? त्याला मिस्तरी मोकळा दिसायचा. औशाच्या पाण्याच्या टाकीवरून त्याला उचलून नांदेडजवळ अर्धापूरला, केळीच्या कोल्ड स्टोरेजवर टाकायचा. ऑपरेशन दर वेळी पुढे ढकललं जायचं.

तिसऱ्या वेळीही तेच झालं. त्याने पिशवी उचलली आणि नांदेडची बस धरली.

सहा नोव्हेंबर. याच दिवसासाठी त्याने रजा मागितली होती. अर्धापूरच्या स्लॅबवर तो छातीला हात लावून खाली बसला.

उठलाच नाही.

सुपरवायझर मुज्तबाचा फोन आला तेव्हा तो रडत होता. "दुसरं टोक माझ्या हातात होतं, म्याडम. मिस्तरी गेले, पण नळी सोडली न्हाई त्यांनी. बोटं सोडवावी लागली."

चूक आपली आहे, हे उज्वलाला कुणी सांगायची गरज नव्हती. कित्येक दिवस तिला घास गेला नाही.

महिन्याभराने तिने मन घट्ट करून प्रोग्रॅममधून त्याचं नाव काढलं. बटण दाबलं. सगळी कामं सरकली, नीट बसली.

फक्त एक ओळ लाल राहिली...

सिद्रामप्पा.

तिने पुन्हा नाव काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. ऑफिसात सगळ्यांना विचारलं. तिच्या फाईलला कुणी हातही लावला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला खाली गेले होते. ती एकटीच होती. कोपऱ्यात खिळ्याला मिस्तरीची पिशवी टांगलेली होती. थापी, ओळंबा आणि गुंडाळलेली नळी. मुज्तबाने आणून ठेवली होती, घरी पोचवायला. जायचं धाडस उज्वलाला होत नव्हतं.

टप...

तिने मान वर केली.

नळीचं एक टोक पिशवीबाहेर आलेलं. महिनाभर कोरडी पडलेली ती नळी... आत पाणी होतं. ते हललं, थरथरलं आणि तिच्या टेबलाच्या उंचीवर येऊन थांबलं.

दुसरं टोक तिला कुठेच दिसेना.

आणि पाणी तर तेव्हाच असं थांबतं, जेव्हा दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असतं.

"म्याडम..." आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "आली का लेव्हल?"

उज्वला पळाली नाही. तिला भीतीपेक्षा रडू जास्त आलं. रडत रडतच तिने त्याची ओळ उघडली आणि पहिल्यांदा त्याची रजा भरली. हाताला येतील त्या तारखा. वीस आणि एकवीस डिसेंबर.

लाल गेलं. नळी कोरडी होती.

चोवीस तारखेला ती पिशवी घेऊन औशाला गेली. रत्नम्मा दारात बसली होती. एका डोळ्यावर पट्टी.

"मी ऑफिसातली उज्वला. ऑपरेशन झालं?" उज्वलाने विचारलं.

"हाव. वीस तारखेला. भाच्यानं दवाखान्यातून आणून सोडलं अन् गेला कामावर."

"मग तुमच्याजवळ कोण होतं?"

"हे होते की. तुम्ही रजा टाकली ना."

उज्वला तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली.

"मला येडी समजू नका, म्याडम. माणूस गेला हे मला ठावं हाय. माती दिली म्या. पण दर दोन तासाला पट्टी उचलून डोळ्यात थेंब कुणी टाकले? दुसऱ्या डोळ्यानं मला दिसत न्हाई. पण सिमेंटनं फुटलेली बोटं हायत ती. चाळीस साल वळखते." तिने पदर सावरला. "दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला म्हणले, रजा दोनच दिसाची हाय. उद्या हजर व्हायचंय."

मग तिने चाचपडत उज्वलाचा हात धरला.

"आणखी थोडी रजा मिळंल का, म्याडम? लई दमल्यासारखे वाटले."

उज्वला तडक ऑफिसला आली. फाईल उघडली.

बावीस डिसेंबर. सिद्रामप्पा. अर्धापूर, स्लॅब. पूर्ण दिवस.

तेवीस, पूर्ण दिवस. चोवीस...

तिने मुज्तबाला फोन लावला. "दोन दिवसांपासून लेव्हल पहिल्याच खेपेला येऊन राहिली," तो म्हणाला. "समोर कोण धरतंय, ते मी बघत न्हाई, म्याडम. अल्लाची कसम."

त्या दुपारी तिने प्रोग्रॅम घेईल तिथपर्यंत त्याची रजा भरली. काम संपायच्या तारखेपर्यंत, एकतीस मार्चपर्यंत.

आज मार्चचा दुसरा आठवडा आहे. मालक फाईल बंद करा म्हणून मागे लागलाय. उज्वलाने टाकीच्या जिन्याचा रंग मुद्दाम अपुरा दाखवून ठेवलाय. तो रंग कधीचाच सुकलाय.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "फाईल बंद झाली, की त्यांची रजाही जाईल का गं?"

फोनच्या दुसऱ्या टोकाला ती रडत होती.