हार्दिक अभिनंदन, शंभरपैकी चौतीस

लातूरच्या क्लासवाल्या रस्त्यावर ऑटोतून उतरल्या उतरल्या उज्वलाला स्वतःचंच तोंड दिसलं. चांगलं आठ फुटी. खांबाला बांधलेलं.

आता या रस्त्यावर तोंडं दिसणं काही नवं नाही. निकाल नुकतेच लागलेले. खांब म्हणू नका, झाड म्हणू नका, जिथं सुतळी बांधता येईल तिथं प्रत्येक क्लासनं आपापली पोरं टांगलेली. कुणी डॉक्टर होणार, कुणी इंजिनिअर. सगळ्यांच्या डोक्यामागं पिवळी किरणं, खाली ठसठशीत मार्क. आणि त्या हुशार पोरांच्या मधोमध, सोनेरी गोल चौकटीत, भेदरलेल्या डोळ्यांची उज्वला. वर लाल अक्षरात ‘हार्दिक अभिनंदन!’ आणि खाली—

‘कु. उज्वला, नांदेड. १०० पैकी ३४. परीक्षक : भुजंग सर.’

तिनं एकदा वाचलं. परत वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या. अहो, पस्तीसला पास हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वीस मिळाले तर माणूस नशिबाला शिव्या घालून झोपतो. पण चौतीस? चौतीस देणारा मुद्दामच देतो!

फ्लेक्सशेजारी शिडी लावून एक उंच पोरगा वर चढलेला. तोंडात कटर, हातात सुतळी. उज्वलानं जाऊन शिडीच धरली.

“ए! उतर खाली!”

त्यानं खाली पाहिलं. फ्लेक्सकडं पाहिलं. परत खाली पाहिलं. तोंडातला कटर पडला.

“काय बघून राहिलास? मीच हाय ती! उतर!”

“उतरतो की... पण तुम्ही शिडी हालवू नका, ताई.”

“ताई कुणाला म्हणतोस रे? लटकव अजून! औशाच्या किल्ल्यावर नेऊन लटकव!”

“मी लावून न्हाई राहिलो, काढून राहिलो...”

“आधी लावायचं, मग काढायचं! आन् हा भुजंग सर कोण?”

वरच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “हाय एक. लई खडूस माणूस.”

“वाटलंच मला! म्हातारा असंल. जाड भिंगाचा चष्मा असंल. घरात बायको बोलत नसंल, म्हणून दुसऱ्याच्या मार्कांवर राग!”

“बायको न्हाई त्याला.”

“कोण देईल!”

“हाव... घरचे पण तेच म्हणतेत.”

तेवढ्यात समोरच्या दुकानातून आवाज आला, “भुजंग सर, निघालं का? लवकर काढा! त्या नांदेडच्या मॅडमनं बघितलं तर तुमची खैर न्हाई!”

उज्वलानं वर पाहिलं. वरच्यानं आभाळाकडं पाहिलं. आणि शिडी अशी हालली म्हणता, बाजूच्या रसवंतीवाल्यानं घुंगरू थांबवून मजा बघितली.

झालं होतं असं. आवाज देणारे खाजाभाई म्हणजे फ्लेक्सवाले. भुजंगचं, म्हणजे गावोगाव वायरलेस बसवणाऱ्या संस्थेचं, ऑफिस त्यांच्याच दुकानावर, वरच्या मजल्यावर. त्यानं उज्वलाच्या मशीनच्या चाचणीचा निकाल आणि तिच्या फोटोसकट मशीनचं माहितीपत्रक फोनवर पाठवून एवढंच लिहिलं, ‘प्रिंट काढून ठेवा.’ त्याला पाहिजे होता साधा कागद, उज्वलासोबतच्या आजच्या मीटिंगपुरता. पण खाजाभाईंच्या हातात त्या आठवड्यात निकालाशिवाय काही पडलंच नव्हतं.

“फोटो हाय, मार्क हाय, सरांचं नाव हाय,” खाजाभाई छातीवर हात ठेवून सांगत होते. “मला वाटलं क्लासचं असंल. डिझाइन तयारच असतंय मॅडम. सोनेरी चौकट तर मी फुकटात टाकली.”

“आन् चौतीस बघून काही वाटलं न्हाई?”

“आजकाल कशाचे मार्क कितीपैकी असतेत, कुणाला कळतंय?”

हसू नका. उज्वलाच्या जागी असता तर तुम्हीही रसवंतीतला ऊस उचलला असता. नांदेडला, विष्णुपुरीत इंजिनिअरिंग झाल्यावर तिनं दोन मैत्रिणींना घेऊन एक पेटी बनवली होती. डब्याएवढी, गळ्यात अडकवता येईल अशी. तिचं इंग्रजी नाव भलतंच लांब, व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर. काम मात्र सोपं. वायरलेसचा सेट केबलमधून अँटेनाकडे लहर पाठवतो. अँटेना धड असली तर लहर हवेत जाते, मोडकी असली तर मागं फिरते. किती मागं फिरली ते ही पेटी पडद्यावर रेघ काढून दाखवते. रेघेत खोल खड्डा पडला, की अँटेना झकास.

आणि घरी वडील, ईश्वरप्पा. शांत माणूस, पण हिशेबी. “पहिल्या चाचणीत पास झाली तर कर तुझा कारखाना,” ते म्हणाले होते. “न्हाई तर लातूरच्या क्लासमधी फिजिक्स शिकवायचं. जागा बघून ठेवलीय. कबूल?” पोरगी तोऱ्यात म्हणाली होती, कबूल! ती फिजिक्सची जागा याच रस्त्यावर होती. फ्लेक्सपासून चार दुकानं सोडून.

वरच्या ऑफिसात तिनं पंख्याखाली बसायलाही नकार दिला.

“रिचेकिंग पाहिजे. आत्ता. माझ्यासमोर.”

“पाणी तरी घ्या...”

“चौतीस देणाऱ्याच्या घरचं पाणी न्हाई पीत मी!”

भुजंगनं ग्लास स्वतःच पिऊन टाकला. कोपऱ्यात टेबलभर पसरलेलं जुनं परदेशी यंत्र होतं, उचलायला दोन माणसं लागतील असं. “हे खरं सांगतंय,” तो म्हणाला, “पण याला गावोगाव कोण नेणार? म्हणून तर तुमची पेटी मागवली. खाली तिनं बरोबर सांगितलं. वर गच्चीवर नेली, की खड्डा सरकला.”

“कॅलिब्रेशन कुठं केलंत?”

“हितंच. कूलरसमोर.”

“आन् मोजलं तापलेल्या पत्र्यावर!” उज्वलाला आता सूर सापडला. “थंडीत शून्य धरायचं आन् भट्टीत मोजायचं! जिथं मोजायचं तिथंच कॅलिब्रेट करायचं असतंय, एवढं तरी शिकवलं होतं का तुमच्या कॉलेजात? का तिथं पण चौतीसच होते?”

“अडतीस,” तो म्हणाला. “चला वर.”

भर दुपार. गच्चीच्या पत्र्यावर चप्पल ठेवली तर रबराचा वास यायचा. समोर पोरांचं हॉस्टेल, गच्चीभर पुस्तकं घेऊन बसलेली पोरं. पाण्याच्या टाकीला अँटेना बांधलेली, एक दांडी वाकून सरळ केलेली. “वानरं,” भुजंग म्हणाला. “लई झोके घेतेत.”

उज्वलानं पेटी हातात घेतली, बटण दाबलं. आणि... थांबली.

“दिसतंय का?” त्यानं अगदी गरिबासारखं विचारलं.

“दिसतंय की!”

“काय दिसतंय?”

तिनं पेटी डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. त्या काळ्या काचेत रेघ नव्हती, आकडा नव्हता. “...माझंच तोंड दिसतंय,” ती दात खात म्हणाली.

“मला पण तेच दिसलं होतं. म्हणजे... माझं. म्हणून खाली केलं कॅलिब्रेशन. वर कशीबशी सावली धरून खड्डा तेवढा बघितला.”

तो हसला नाही. हसला असता तर तिनं पेटी त्याच्या डोक्यात घातली असती. न हसल्याचा मात्र जास्त राग आला. तिनं सरळ गळ्यातली ओढणी ओढली, स्वतःच्या डोक्यावरून पेटीवर टाकली, आणि आतूनच ओरडली, “या आत!”

“आत?”

“टोप्या कोण लावणार? मला काय चार हात हायेत?”

तर असे दोघं एका ओढणीखाली. कॅलिब्रेशनला केबलच्या टोकाला तीन बारक्या टोप्या लावाव्या लागतात, एक उघडी, एक बंद, एक पन्नास ओहमची. तो टोपी लावी, ती बटण दाबी. आत पिवळा उजेड, घामाचा वास, आणि...

“शेंगदाण्याची चटणी खाल्ली का हो तुम्ही?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कळतंय की. इंचावरून!”

“तिकडं तोंड करू का?”

“...असू द्या. पडद्याकडं बघा.”

दुसरी टोपी. तिसरी. तिसरीला त्याचा हात जरा घसरला. तापलेल्या धातूनं बोट भाजलं असेल... निदान तो तसं म्हणाला. मग तिनं अँटेनाची केबल जोडली. रेघ थरथरली, खाली उतरली, उतरतच गेली... आणि खड्डा पडला. खालच्या त्या मोठ्या यंत्रानं सांगितलं होतं तिथंच.

“बघा! बघा!” ती ओरडली, आणि मान वळवली. इकडं पडदा नव्हता, भुजंगचे डोळे होते. ते खड्ड्याकडं बघतच नव्हते.

समोरच्या हॉस्टेलवरून शिट्टी आली. मग दुसरी. मग सगळा वर्ग! ओढणी फर्रकन बाजूला झाली.

“अभ्यास करा रे!” भुजंग ओरडला. कान लालेलाल. ऊनच तसं होतं म्हणा.

“बरोबर दाखवलं ना?” उज्वला कमरेवर हात ठेवून. “मग चौतीस कामून?”

उत्तर जिन्यातून आलं. एक धडधाकट म्हातारी, डोक्यावर पदर, धापा टाकत वर आली. साखराबाई. संस्थेच्या अध्यक्षा. भूकंपात अख्खं गाव गेल्यावर नव्या जागी वसलेल्या गावांमध्ये या बाईनं वायरलेस बसवून घेतले होते. खालून तिनं सगळं ऐकलं होतं. हे दोघं हळू बोलणाऱ्यातले नव्हतेच.

“बाई,” ती उज्वलाला म्हणाली, “माती हालली तवा आम्ही हाक मारली, ती वेशीबाहीर गेली न्हाई. फोन मेले, तारा तुटल्या. आता अँटेना आमच्या बायाच बघत्यात. रानात, उन्हात. तुझी पेटी हुशार हाय गं. पन त्यान्ला दिसायला नको? का त्यान्ला बी एकेक भुजंग देतीस, ओढणीत घ्यायला?”

उज्वलाचा राग होता तिथंच राहिला, फक्त त्याला बसायला जागा उरली नाही. पेटी उचलून ती धडाधड जिना उतरली. भुजंग मागून आला.

“ऐका तरी! पस्तीस दिले असते तर बाईंनी तशीच घेतली असती, आन् पहिल्या उन्हात फेकली असती. दहा दिले असते तर तुम्ही रडून पेटी अडगळीत टाकली असती.”

“आन् चौतीस?”

“चौतीसवाला कधी गप बसत न्हाई. भांडायला येतोच.”

ती थांबली. वळली. “आमच्या बाबांना नापास म्हणजे नापास एवढंच कळतं. त्यांना काय सांगू?”

“सांगा, निकाल राखीव. रिचेकिंग चालू हाय. हितं सगळ्यांचं चालूच असतंय.”

खरं सांगायचं तर तिला हसू आलं होतं. पण त्याला दिसू नये म्हणून ती एसटीत जाऊन बसली आणि अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघून हसली. शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं.

ईश्वरप्पांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. उज्वलानं पडदाच बदलला, उन्हात उठून दिसणारा. वर काळ्या कापडाचं टोपडं शिवलं. आणि भुजंगचे फोन सुरू झाले. पडद्याला किती दिवस, बॅटरीचं काय, टोप्यांना दोरी बांधली का.

“काल सांगितलं की बांधली म्हणून!”

“हाव का? विसरलो.”

“चटणी कमी खा.”

“तुम्ही आल्यावर सोडतो.”

“मी कशाला येऊ? कुरिअर करते.”

“...कुरिअरमधी वस्तू फुटतेत हो.”

ऑक्टोबरच्या उन्हात ती स्वतः घेऊन गेली. या वेळी पेटी भुजंगच्या हातात गेलीच नाही. साखराबाईंनी गळ्यात अडकवली, गच्चीवर उभ्या राहून एकेक टोपी लावली, अँटेनाची केबल जोडली, टोपड्यात डोकं घातलं. लई वेळ नुसतं टोपडं हलत राहिलं. चार दुकानं पलीकडं फिजिक्सची घंटा वाजली.

“खड्डा हितं हाय,” आतून आवाज आला. “भुजंगा, तुझं खालचं धूड काय म्हनतंय?”

“तिथंच म्हणतंय, बाई.”

“मंग दे पोरीला मार्क. आन् समद्या गावांला एकेक मागव.”

त्या खाली गेल्या. भुजंगनं कागदावर आकडा लिहून पुढं केला. उज्वलानं वाचला, आणि भडकली.

“नव्याण्णव? एक कुठं गेला?”

“राखून ठेवलाय.”

“कामून? काय चुकलं? दाखवा!”

“काहीच न्हाई चुकलं.” तो पत्र्याकडं बघून म्हणाला, आणि या वेळी ऊन तेवढं नव्हतं, तरी कान लाल. “पैकीच्या पैकी दिले... तर तुम्ही परत कशाला येताल?”

हॉस्टेलच्या गच्चीवर पुस्तकांची पानं उलटायची थांबली. खालून खाजाभाईंनी हाक दिली, “भुजंग सर, निकाल लागला का? फ्लेक्स काढू?”

“नको!” दोघं एकदम ओरडले.

मग उज्वलानं त्याच्या खिशाचं पेन काढून घेतलं. तोच कागद पालथा केला, त्यावर ‘भुजंग’ लिहिलं, पुढं आकडा टाकला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं पाहिलं. तोंड पडलं. “चौतीस?”

“चौतीस.”

“हे... हे काय हो! मी एवढं... चौतीस? कशाचे कापले?”

“शिडीवर खोटं बोललात त्याचे. चटणीचे. ताई म्हणाल्याचे तर लईच कापलेत.” तिनं ओढणी सावरली आणि जिन्याकडं निघाली. पहिल्या पायरीवर थांबली. “मान्य नसंल तर रिचेकिंगला अर्ज द्या.”

“कुणाकडं?”

“नांदेडला. आमच्या घरी. बाबांकडं.”

तो कागद धरून तसाच उभा. कागद उलटा केला, सुलटा केला... मग समोरच्या पोरांनाच आधी कळलं आणि शिट्ट्यांचा नुसता गोंधळ उडाला, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली चालला होता. अगदी सावकाश. मागून कुणीतरी गाठावं, इतका सावकाश.

“उज्वला!” तो कठड्यावरून वाकून ओरडला. “नांदेडची गाडी कितीला हाय?”